डाव्या चाकामागचा बोल्ट

आदरणीय दादांस,

साष्टांग नमस्कार आणि त्यापाठोपाठ एक तक्रार. तुमच्या गेल्या पत्राच्या पाकिटावर, नेमका माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर, ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. ठसा उत्तम आहे. रेघ न् रेघ मोजता येते. पोलीस चौकीतसुद्धा इतका स्वच्छ मिळत नसेल. परंतु पस्तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या मनुष्याने निदान बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिताना हात धुवावेत, साबण नसेल तर रॉकेलने धुवावेत, अशी माझी अपेक्षा आहे आणि ती मी रीतसर नोंदवून ठेवतो. (दोन महिन्यांपूर्वी ही तक्रार मी ताठ मानेने केली असती. सध्या माझ्याच नखांत तो काळा ऐवज आहे आणि सहावीच्या मुलांच्या वह्यांवर, शेऱ्याच्या शेजारी, माझेही अंगठे उमटू लागले आहेत. पण तक्रार ती तक्रार.)

वर 'साष्टांग' लिहिलं तेही आता सवयीने लिहिलेलं नाही. आठही अंगं जमिनीला लावल्याशिवाय माणूस गाडीखाली मावत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. फरक एवढाच की तो नमस्कार पालथा असतो आणि हा उताणा होता. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुमची बहीण बरी आहे आणि मी भिंतीला धरून उभा राहू शकतो.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. एक तर घर लहान, भिंती पातळ, आणि तुमच्या बहिणीचे कान तुमच्याच घराण्यातले. इंजिन खोकलं की आजाराचं नाव सांगणारे. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी 'मग पुढे?' असं विचारता, आणि मला पुढचं एवढ्यात सांगायचं नाही. कागद मधे बोलत नाही. शिवाय कागदाला माझा चेहरा दिसत नाही, ही सोय सध्या फार मोठी आहे.

तर मूळ विषय. आमच्या गाडीला खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडून 'खट्' असा आवाज येऊ लागला होता. गाडी बावीस वर्षांची, आवाज यायचेच. पण तुमची बहीण त्या गाडीतून रोज सात-आठ रुग्णांच्या घरी जाते, कुणाची जखम बांधायची, कुणाला सुई टोचायची, आणि त्यातले निम्मे टेकडीपलीकडे राहतात. टेकडीचा रस्ता तुम्ही पाहिलेला आहे. चढ बरा, उतार वाईट, आणि शेवटच्या वळणाला कठडा नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे गंमत सांगण्याच्या भरात राहून जाईल आणि ते राहून जाता कामा नये.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने पहार लावून चाक इकडेतिकडे ढकलून पाहिलं आणि निदान केलं. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या सांध्यातले रबरी बुश गेले आहेत. (तुमच्या गुडघ्यातही असंच काहीतरी गेलं आहे, असं तुमच्या बहिणीने मला समजावून दिलं. तुम्हाला मात्र बदलून मिळणार नाही.) काम दिवसभराचं, पण त्याच्याकडे आधीच चार गाड्या उघड्या पडलेल्या, पुढच्या आठवड्यात आणा म्हणाला. तुम्हीही फोनवर म्हणालात, हात लावू नका, रविवारी मी येतो. यावर कोणताही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, रबराची एक कडी काढायची आणि दुसरी बसवायची, एवढ्यासाठी दादांचा गुडघा कशाला शिणवायचा? आणि तुमच्याकडच्या माणसांना विद्येच्या बाबतीत जो एक भाबडा आदर असतो, त्यामुळे तुम्ही दोघांनी माझं ऐकलं.

खरं कारण तुमचा गुडघा नव्हता. चोवीस वर्षांत या घरातलं जे जे बिघडलं ते तुमच्या बहिणीने दुरुस्त केलं. नळ, पंखा, कपाटाची बिजागरी, माझा चष्मा. मी शेजारी उभा राहून त्या त्या वस्तूच्या नावाची व्युत्पत्ती सांगतो. मला एकदा, एकदाच, मी दुरुस्त केलेल्या वस्तूत तिला बसलेलं पाहायचं होतं. (हे वाक्य वहिनींना वाचून दाखवू नये.)

शनिवारी सकाळी अंगणात गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले. (जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे तुमचं वाक्य मी पाळलं. या प्रकरणात पाळलेलं ते बहुधा पहिलं आणि शेवटचं वाक्य.) नट सुटला. इतका सहज सुटला की मी त्याला काचेच्या बशीत ठेवला आणि तुमच्या बहिणीला बोलावून दाखवला. मग राहिला बोल्ट. तो बावीस वर्षं बुशच्या आतल्या पोलादी नळीत बसून होता आणि बोल्ट वेगळा, नळी वेगळी हा भेद गंजाने कधीच मिटवून टाकला होता. असं अद्वैत मी ग्रंथांत पुष्कळ वाचलं; प्रत्यक्षात प्रथमच पाहिलं. गंज सोडवायचं तेल ओतलं. तासभर थांबलो. पान्याला वरच्या मजल्यावरच्या सुतारकाकांचा हातभर लांब पाइप अडकवला आणि देहाचा सगळा भार त्यावर टाकला. बोल्ट फिरला. पाव फेरा, पण फिरला. पाना काढला, पुन्हा लावला, पुन्हा पाव फेरा. असे चाळीस वेळा. म्हणजे हिशेबाने दहा पूर्ण फेरे झाले आणि बोल्ट केसभरही बाहेर आला नव्हता. मी त्याची लांबी मोजली, आपल्या चिकाटीचं मनातल्या मनात कौतुक केलं आणि एक्केचाळिसावा पाव फेरा घ्यायला वाकलो. सुतारकाका केव्हापासून जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही रबर पिळताय. तुम्ही सोडलं की ते परत जागेवर येतंय. बोल्ट हललेलाच नाही."

(तुम्ही आत्ता हसत असणार. हसा. वहिनींनाही हे वाचून दाखवायला हरकत नाही.)

उष्णतेने लोखंड प्रसरण पावतं हे मी वाचलं होतं. रबर काय पावतं, ते वाचलं नव्हतं. काकांचा ब्लो-लॅम्प पाच मिनिटं त्या सांध्यावर धरल्यावर जो धूर निघाला त्याने प्रथम अंगण, मग जिना आणि शेवटी गच्चीवर वाळत घातलेले सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे व्यापले. आमच्या इमारतीतली माणसं त्यानंतर आठवडाभर जळक्या टायरच्या वासाचे शर्ट घालून कामावर जात होती. मी जिन्यात भेटलो की खिशातून रुमाल काढत. बोल्ट जागचा हलला नाही. शेवटी करवतीच्या पात्याने तो दोन्ही बाजूंनी कापला, उताणा पडून, तोंडावर लोखंडाचा भुसा घेत, अकरा पाती मोडून. तीन तुकड्यांत बाहेर आला. या कामाला शाळेच्या आधीची आणि नंतरची वेळ धरून चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत तुमची बहीण दोन बस बदलून रुग्णांकडे जात-येत होती. घरी आली की पाय खुर्चीवर ठेवायची आणि कसं चाललंय म्हणून विचारायची. रागावली असती तर मला वाद तरी घालता आला असता.

नवे बुश मात्र मी बसवले. सुतारकाकांच्या शेगड्याच्या, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीच्या, जबड्यात तो लोखंडी हात धरला, साबणाचं पाणी लावलं, एका बाजूने पान्याची जाड, पोकळ गोटी टेकवली आणि शेगडा आवळत आवळत बुश सरळ आत ढकलले. एकही तिरका गेला नाही. या पत्रातलं हे एकमेव यश असल्याने त्याला वेगळी वाक्यं दिली आहेत.

मग नवा बोल्ट. सुट्या भागांच्या दुकानदाराने सांगितलं, हा मागवावा लागेल, चार दिवस. मी त्याच सकाळी जाहीर करून बसलो होतो की संध्याकाळी गाडी तयार. तेव्हा मी पुढच्या गल्लीतल्या दुकानात गेलो, जिथे फाटकांच्या कड्या आणि पलंगाचे सांधे मिळतात. तिथे बोल्ट मिळाला. जाडी तीच, लांबी तीच, चकाकी जास्त. जुन्या बोल्टाच्या डोक्यावर १०.९ असा आकडा कोरलेला होता. याचं डोकं कोरं होतं. मला ते दिसलं, दादा. न दिसल्याचं सोंग मी तुमच्यापुढे करणार नाही. मी दुकानदाराला विचारलंही. तो म्हणाला, आकडे काय, कारखानेवाले घालतात हौसेने, बोल्ट तो बोल्ट. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पुरावा मागितला असता. दुकानदाराला मी धन्यवाद दिले.

गाडी स्टँडवर आणि चाकं हवेत लोंबत असतानाच मी तो नट अंगातल्या सगळ्या शक्तीनिशी आवळला. (इथे तुम्ही कपाळावर हात मारला असेल. थांबा, अजून पुढे आहे.) त्या संध्याकाळी तुमच्या बहिणीने मला शेजारी बसवून टेकडीवरून फिरवून आणलं. आवाज गेला होता. शेवटच्या वळणावर मी नेहमी डोळे मिटतो. त्या दिवशी मिटले नाहीत. ती म्हणाली, छान झालं हो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी, कुणी विचारलं नसताना, स्वावलंबन या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो.

चौथ्या आठवड्यात 'खट्' परत आला. मी म्हणालो, रस्ता खराब झालाय. ती म्हणाली, असेल. गेल्या शनिवारी, ती घरी नसताना, मी जुन्या बोल्टाचे तुकडे रुमालात बांधून मिस्त्रीकडे गेलो आणि एका परिचिताची म्हणून सगळी हकिकत सांगितली. मिस्त्रीने हात पुसत पुसत शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, रबराचा सांधा नेहमी चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन त्यांच्यावर आल्यावर आवळायचा. लोंबत्या चाकांनी आवळला तर गाडी खाली येताच रबर ओल्या कपड्यासारखं पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं, महिन्याभरात फाटतं. हे मी गिळलं. मग त्याने विचारलं, परिचितांनी बोल्ट कुठला घातला? मी सांगितलं. त्याने रुमालातला डोक्याकडचा तुकडा उचलला, त्यावरचा ताकदीचा आकडा माझ्याकडे केला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या परिचितांना सांगा, गाडी आजच्या आज उभी करा. पलंगाचा बोल्ट चाकाला लावलाय त्यांनी. तो सांगून तुटत नाही."

हे शनिवारी. रविवारी तिला सुट्टी होती. मी सकाळपासून मनात भाषण जुळवलं. प्रस्तावना, पूर्वपक्ष, दोषस्वीकार, उपसंहार. दुपारी ती रुग्णांची पिशवी आवरत बसली होती. मी समोर जाऊन म्हणालो, जरा बोलायचं होतं. ती म्हणाली, बोला ना. मी विचारलं, चहा टाकू का?

सोमवारी पहाटे उठून मी चाकातली हवा सोडली. (पुढचं डावं. माझा परिचय त्याच चाकाशी.) तुमच्या बहिणीने बाह्या सरसावल्या, चौदा मिनिटांत चाक बदललं, हात धुतले आणि निघून गेली. मंगळवारी बॅटरीची तार सैल केली. मी बुटाची नाडी बांधेपर्यंत तिने ती आवळली होती. बुधवारी किल्ली शब्दकोशात लपवली, तर पिशवीतून दुसरी निघाली. गुरुवारी मला पोटात कळा आल्या. तिने पोट दाबून पाहिलं, एक गोळी दिली आणि पडून राहायला सांगितलं. (गोळीने बरं वाटलं, ही त्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.) आज मी काहीच केलं नाही, कारण युक्त्या संपल्या. रोज सकाळी गाडी कोपऱ्यावर वळते, मी खिडकीत उभा राहतो आणि आवाज ऐकू येईनासा झाला तरी तिथेच उभा असतो. शाळेत कचेरीतला फोन वाजला की हातातलं वाक्य सुटतं. बावन्न वर्षांचा घोडा, चार शास्त्रं वाचलेला, आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द बोलण्यापेक्षा चाकातली हवा सोडणं मला सोपं वाटतं. हे पत्र शाळेच्या रिकाम्या तासाला लिहितो आहे आणि समोरच्या फळ्यावर मीच सकाळी लिहिलेला सुविचार आहे. तो काय आहे ते सांगत नाही.

असो. सहज खुशाली कळवावी म्हणून चार ओळी लिहिल्या. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे वाचूनही लोभ शिल्लक राहिला तर तसं कळवावं.

आपला,
हात न लावण्याबद्दल सांगितलेला मेहुणा

ता. क. आलोच आहोत इकडे तर डोकावलो, असं म्हणत तुम्ही या रविवारी येऊ शकाल का? येताना डोक्यावर आकडा असलेला योग्य बोल्ट आणि बुशची एक जोडी आणावी. दुरुस्तीनंतर पाच-सहा आठवड्यांनी बोल्ट बदलायचाच असतो, असा कारखान्याचा एक नियम आहे म्हणून सांगता येईल. खोटं तुम्हाला बोलावं लागणार नाही. नियम मी सांगेन, तुम्ही मान हलवा. एवढ्यासाठीच वरचा सगळा पसारा लिहिला. कृपा करून फोन करू नये.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पत्र पेटीत टाकायला निघालो तेव्हा वाटेत लक्षात आलं की पत्र पोचायला तीन दिवस लागतात आणि रविवार दोन दिवसांवर आहे. (भूत, वर्तमान आणि भविष्य शिकवून पोट भरणारा माणूस.) म्हणून उलट वळलो आणि मिस्त्रीच्या दुकानात शिरलो, आज तरी परिचिताचं नाव सांगून टाकावं म्हणून. तर शेडच्या मागे आमची गाडी उभी. भर दुपारी, बंद, काचेवर धूळ. मिस्त्री म्हणाला, बाई सोमवारपासून इथेच लावतात. सकाळी कोपरा वळला की इथे ठेवतात, बसने पुढे जातात, संध्याकाळी इथून घरापर्यंत नेतात. बोल्ट बुधवारीच येऊन पडलाय, पण बाईंनी सांगितलंय, ते स्वतः येऊन सांगतील तोवर हात लावायचा नाही.

मी संध्याकाळपर्यंत बसथांब्यावर उभा राहिलो. ती उतरली, मला पाहिलं, पिशवी माझ्या हातात दिली. मी तिथेच, उभ्या उभ्या, पलंगाच्या बोल्टापासून शब्दकोशापर्यंत सगळं सांगितलं, प्रस्तावनेशिवाय. ती म्हणाली, सोमवारी चाक काढलं तेव्हाच दिसलं. गॅरेजमध्ये वाढले मी, कोरं डोकं मला कळत नाही का? मग मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. रागावून विचारलं, हेही लिहितो.

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तो बोल्ट बरोबरच कसा आहे, हे तुम्ही मला आठवडाभर समजावलं असतं. त्यापेक्षा बस सोपी."

ता. क. शेवटचा. बोल्टाची काळजी आता नाही. उद्या सकाळी मिस्त्री नवा बसवतो आहे, चाकं जमिनीवर टेकवून, आणि मी शेजारी गप्प उभा राहणार आहे. तुम्ही तरीही पुढच्या रविवारी या. तुम्हाला ती मनातलं सांगते, लहानपणापासून सांगत आली आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. ती म्हणाली ते खरं आहे. मी आठवडाभर समजावलंच असतं. आज संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं की माझं बोलणं तिला पटतं. दादा, चोवीस वर्षांत आणखी किती वेळा ती मला न सांगता अशी बसने गेली असेल, हे मला माहीत नाही, आणि तिला विचारायची मला भीती वाटते.